अर्जातील आई

वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माता-पित्यांनी स्वतःविषयी काय लिहावे?

वाचकहो, वैशाख लागला की चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये दिवस फार लवकर उजाडतो. सूर्य वर येण्यापूर्वीच दारापुढील सडा वाळून त्यावर तांदळाच्या पिठाची रांगोळी उमटलेली असते. घराघरांतून कॉफीच्या डिकॉक्शनचा वास येत असतो, आणि गच्चीवर जुन्या धोतरांच्या पानांवर कुरडया-पापडांसारखी वाळवणे घालण्याची गृहिणींची लगबग चाललेली असते. आर्य गौडा रस्त्यावरील अयोध्या मंडपापाशी सायंकाळी प्रवचनाला माणसे जमतात. पलीकडे लोहमार्गावरून मांबलम स्थानकात गाड्या येत-जात असतात. लोहमार्गाच्या पूर्वेला त्यागरायनगरची झगमगती बाजारपेठ, तर पश्चिमेला ही मध्यमवर्गीयांची दाट वस्ती. एकेकाळी या भागात मोठा तलाव होता, याची आठवण आता ‘लेक व्ह्यू’ या रस्त्याच्या नावापुरतीच उरली आहे.

अशाच एका गल्लीतील एक घर आपण क्षणभर कल्पनेने डोळ्यांपुढे आणू या. त्या घरची मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आहे. तिने तेथेच जीवशास्त्राची पदवी घेतली, विवाह केला, आणि आता तिला अडीच वर्षांचा मुलगा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, ही तिची जुनी इच्छा. अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले, म्हणून दोन महिन्यांसाठी ती माहेरी आली आहे. आजीने नातवाला सांभाळावे आणि लेकीने अर्जासोबतचा निबंध लिहावा, अशी ही व्यवस्था आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मुलगा मच्छरदाणीत झोपला आहे. ती टेबलाशी बसून एक वाक्य लिहिते: ‘मी एका मुलाची आई आहे.’ थोडा वेळ त्याकडे पाहते, आणि ते खोडून टाकते. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते.

हे वाक्य तिने ठेवावे की खोडावे? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटात, घर आणि व्यवसाय यांचा मेळ घालू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

दोन टोकांचे सल्ले

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. एक मैत्रीण सांगते, ‘मुलाचा शब्दही काढू नकोस. परीक्षकांच्या मनात लगेच येईल की, हिचे लक्ष अभ्यासात कसे लागणार?’ दुसरीकडून थोरला भाऊ म्हणतो, ‘अग, तेच तर तुझे वैशिष्ट्य! सगळा निबंध मुलावरच लिही. वाचणाऱ्याचे डोळे पाणावले पाहिजेत.’ आणि आजी, जिला या निबंधाचे प्रयोजनच नीटसे उमगलेले नाही, ती एवढेच विचारते, ‘तू रुग्णालयात असशील तेव्हा बाळाला जेवू कोण घालणार?’

वाचकहो, या तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. मैत्रिणीला जगाच्या पूर्वग्रहाची भीती वाटते. ती निराधार नाही. मातृत्व म्हणजे स्त्रीच्या कर्तृत्वाला पडलेला अडसर, असे मानणारी माणसे अद्याप पुष्कळ आहेत. भावाला आपल्या बहिणीचा अभिमान वाटतो. आणि आजीचा प्रश्न तर सर्वांत व्यवहार्य आहे. परंतु निबंध लिहावयाचा तो भीतीपोटीही नव्हे आणि करुणा भाकण्यासाठीही नव्हे. तो कशासाठी लिहावयाचा, हे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे मागे वळून पाहावे लागेल. आणि त्याकरिता वेस्ट मांबलमहून फार दूर जाण्याचेही कारण नाही.

सहा स्थानकांचा प्रवास

मांबलम स्थानकावर समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसावे. कोडंबाक्कम, नुंगंबाक्कम, चेटपेट ही स्थानके मागे पडतात, मग एग्मोर येते. या एग्मोरमध्ये स्त्रिया व बालके यांच्यासाठी असलेले जुने सरकारी रुग्णालय आहे. १८४४ मध्ये मद्रासचे प्रसूतिगृह म्हणून ज्या संस्थेचा आरंभ झाला, तीच ही संस्था. त्यापुढचे स्थानक पार्क. तेथे उतरले की समोरच मद्रास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले सरकारी रुग्णालय दिसते. या महाविद्यालयाचा उगम १८३५ मधील आहे, आणि स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या जगातील प्रारंभीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची गणना होते.

१८७५ मध्ये या महाविद्यालयाने चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्या चौघींपैकी एक, मेरी शार्लीब, ही तीन मुलांची आई होती! तिचे पती मद्रासमध्ये बॅरिस्टर होते. पडद्यात राहणाऱ्या, पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या स्त्रिया बाळंतपणात कशा तडफडून मरतात, याच्या हकिकती तिच्या कानांवर आल्या आणि तिला स्वस्थ बसवेना. तिने आधी प्रसूतिगृहात शिक्षण घेतले, आणि मग महाविद्यालयाचे दार ठोठावले. १८७८ मध्ये येथील अभ्यासक्रम पुरा करून ती इंग्लंडला गेली, १८८२ मध्ये तिने लंडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली, आणि पुढील वर्षी ती मद्रासला परतली. १८८५ मध्ये पडदानशीन व उच्चवर्णीय स्त्रियांसाठी जे रुग्णालय येथे निघाले, त्याच्या स्थापनेत तिचा प्रमुख वाटा होता. ट्रिप्लिकेनमधील ते रुग्णालय आज कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून प्रसिद्ध आहे.

याच महाविद्यालयात १८७८ मध्ये एक मराठी मुलगी दाखल झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? तिचे नाव कृपाबाई. अहमदनगरच्या खिस्ती कुटुंबात १८६२ मध्ये तिचा जन्म झाला. पहिल्या वर्षी तिने अभ्यासात चांगले यश मिळविले. पण प्रकृतीने साथ दिली नाही, आणि शिक्षण सोडावे लागले. पुढे ती कृपाबाई सत्यनाथन या नावाने इंग्रजी कादंबरीकर्त्री म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे एकुलते एक मूल वर्षाचेही होण्यापूर्वी दगावले, आणि १८९४ मध्ये तीही गेली. ‘सगुणा’ या आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत तिने शिक्षणाच्या ओढीची कथा सांगितली आहे. डॉक्टर होण्याचे राहिले; परंतु ती ओढ तिने कागदावर उतरवून ठेवली.

आणि कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली? १८८६ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षण पुरे करून डॉक्टर झाल्या. पुढे १८९३ मध्ये, मुलाबाळांना घरच्या माणसांच्या हवाली करून त्या विलायतेस गेल्या आणि एडिंबरो व ग्लासगो येथील पदविका घेऊन परत आल्या. तात्पर्य, आई आणि वैद्यकाची विद्यार्थिनी हे दोन शब्द एका वाक्यात येणे ही काही आजची नवलाई नव्हे. आपल्या देशात त्याला जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा आहे.

एक अर्ज : १८८३

परंतु अर्ज कसा लिहावा, हे शिकावयाचे असेल तर आपल्याला आनंदीबाई जोशी यांच्याकडेच गेले पाहिजे. ‘आनंदी गोपाळ’ ही श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून त्यांची कथा मराठी घरोघरी पोचली आहे. तरीही त्यांनी केलेल्या अर्जाकडे आपण अर्ज म्हणून क्वचितच पाहिले असेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, आणि योग्य उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत गेला. चौदा वर्षांची आई, आणि दहा दिवसांचे मूल! आपण डॉक्टर व्हावे, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो या दुःखातून, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाविषयी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याच्या दारी वाट पाहत बसलेल्या असताना ते सहज चाळले, आणि त्यातून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत, हे भरसभेत सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र पाठविले.

त्या पत्राचा जो भाग सर्वत्र उद्धृत केला जातो, तो आपण लक्षपूर्वक वाचावा. प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित आपण पुऱ्या करू शकणार नाही, असे त्या प्रथमच मोकळेपणाने मान्य करतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, हे सांगतात. कशासाठी आलो, तेही सांगतात: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देता यावी म्हणून. आणि शेवटी म्हणतात की, मी स्वतःसाठी काहीच मागत नाही. या कामासाठी मला पात्र करील तेवढेच मागते.

वाचकहो, या उताऱ्यात त्या दहा दिवसांच्या बाळाचा उल्लेख नाही. ज्या दुःखाने त्यांना समुद्रापार आणले, ते त्यांनी तेथे मांडून ठेवलेले नाही. पण ते दुःख पत्रात नाही, असे कोण म्हणेल? ‘माझे बाळ गेले’ या वाक्याच्या जागी ‘अनेकी उपचारांवाचून जात आहेत’ हा आशय आला आहे. आपल्या घरातील वेदना त्यांनी दुसऱ्यांच्या घरापर्यंत नेली, आणि तेथे तिचे काम झाले. पुढे पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यात त्यांचे निधन झाले. एकाही रुग्णाला त्यांचे औषध मनासारखे देता आले नाही. आणि तरी त्यांच्या त्या अर्जाने मागून येणाऱ्या शेकडो मुलींसाठी दार किलकिले केले.

आजची रीत

आता आजच्या काळाकडे वळू. भारतात वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश निबंधावर अवलंबून नाही. तमिळनाडूत २००७ पासून प्रवेशपरीक्षा बंद होऊन बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. २०१७ पासून तेथेही अखिल भारतीय ‘नीट’ परीक्षाच लागू झाली. महाराष्ट्रातही हीच परीक्षा आहे. तिच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही आई आहात की कुमारी, हे कोणी विचारीत नाही. मात्र एक महत्त्वाची गोष्ट अनेक कुटुंबांना अजून माहीत नसते. या परीक्षेसाठी पूर्वी २५ वर्षांची (राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची) कमाल वयोमर्यादा घातलेली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती २०२२ मध्ये काढून टाकली. म्हणजे ज्या स्त्रीने लग्नानंतर, मूल झाल्यानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे, तिला केवळ वयामुळे परत फिरावे लागत नाही.

परदेशांत रीत निराळी आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पहिल्या पदवीनंतर सुरू होते. त्यामुळे अर्जदारांत विवाहित व मुले असलेल्या व्यक्ती आढळणे स्वाभाविकच आहे. तेथील सामाईक अर्जात, आपण डॉक्टर का होऊ इच्छिता, या विषयावर एक निबंध लिहावा लागतो, आणि त्याची मर्यादा मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरचिन्हांची असते. छापील दीड पानाहून तो फारसा मोठा होत नाही. केलेल्या कामांची नोंद वेगळी करावयाची असते. जास्तीत जास्त पंधरा. इंग्लंडमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न विचारले जातात, आणि तिन्हींची मिळून मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची आहे. कोठेही केवळ निबंधावर प्रवेश मिळत नाही. परीक्षेतील गुण, शिफारसपत्रे, मुलाखत ही सर्व त्याच्या सोबतीला असतात.

मैत्रिणीच्या भीतीचेही उत्तर येथेच देऊन ठेवू. अमेरिकेच्या १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील नवव्या प्रकरणानुसार, सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांना विवाह वा अपत्य या कारणावरून स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरा असा न्याय लावता येत नाही. कायद्याने सर्व पूर्वग्रह नाहीसे होतात, असे नव्हे. परंतु आई असणे ही लपविण्याची गोष्ट नव्हे, एवढे तरी त्याने निश्चित केले आहे. न सांगण्याचा अधिकार मात्र अर्जदाराकडेच राहतो. सांगावे की न सांगावे, हे भीतीने ठरवू नये, निबंधाच्या गरजेने ठरवावे.

कसे लिहावे?

पहिली गोष्ट ही की, गुण सांगू नयेत, घडलेले सांगावे. उदाहरणार्थ, आपल्या कल्पनेतील त्या लेकीने पहिल्या रात्री पुढील मजकूर लिहिला असे समजा: ‘मातृत्वाने मला प्रेम, सहनशीलता आणि त्याग शिकविला. रात्री-अपरात्री जागण्याची मला सवय झाली आहे. म्हणून मी उत्तम डॉक्टर होईन, अशी माझी खात्री आहे.’ यात खोटे काहीच नाही. पण हा मजकूर जगातील कोणत्याही आईने कोणत्याही कामासाठी लिहावा असा आहे. वाचणाऱ्यापुढे ना ती उभी राहते, ना तिचे मूल, ना कोणी रुग्ण.

आता दुसरा मजकूर पाहा: ‘माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना एका रात्री तापाने फणफणला. रुग्णालयातील परिचारिकेने त्याला हात लावण्यापूर्वी घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट नुसते त्याच्या छातीकडे पाहिले. तेवढ्यानेही माझा धीर सुटत होता. ती श्वास मोजीत होती. नंतर तिने मलाही मोजावयास शिकविले. पुढल्या महिन्यापासून मी दर शनिवारी आरोग्यकेंद्रात मुलांच्या वजनाच्या काट्यापाशी मदतीला उभी राहू लागले. तेथे एकदा एका आईने मला विचारले, घड्याळ नसेल तर कसे मोजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.’

वाचकहो, येथे अर्जदार आई आहे हे आपल्याला कळले. परंतु निबंध तिच्यापाशी थांबला नाही. तो परिचारिकेकडे गेला, तेथून आरोग्यकेंद्राकडे, आणि तेथून एका अनोळखी आईच्या प्रश्नापाशी पोचला. आनंदीबाईंच्या पत्राची वाट हीच आहे. (ओघाने आले म्हणून सांगतो: श्वास मोजण्याची ही माहिती प्रत्येक घरी असावी. मूल शांत असताना, पाजत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक भरला, तर तो जलद समजावा, आणि मुलाला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे.)

दुसरी गोष्ट: स्वतःचे मूल सांभाळणे आणि परक्याच्या दुखण्यात सेवा करणे, या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या बाळावर माया आपसूक जडते. परक्या, चिडलेल्या, कदाचित अस्वच्छ रुग्णावर ती जाणीवपूर्वक करावी लागते. म्हणून आईपण हे वैद्यकीय अनुभवाच्या जागी मांडू नये. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये वावरल्याचा अनुभव हवाच. त्यासाठी दूर जावे लागते असेही नाही. वेस्ट मांबलममध्येच १९५० च्या दशकात लोकांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पब्लिक हेल्थ सेंटर आहे. अल्प खर्चात उपचार करणारी अशी केंद्रे आपल्या बहुतेक शहरांत आढळतात. तेथे रांगेत बसलेल्या माणसांशी चार शब्द बोलणे, कागद शोधून देणे, वृद्धाला हात धरून नेणे, एवढ्या कामांनीही दृष्टी बदलते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. मूल हे अर्जाचे भांडवल नव्हे; ते एक स्वतंत्र माणूस आहे. आज ते मच्छरदाणीत झोपले आहे. आणखी वीस वर्षांनी ते हा निबंध वाचू शकेल. त्याचे आजारपण, त्याचे व्यंग, त्याच्या जन्मावेळचे संकट, यांतील किती सांगावे? आपल्या रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा पहिला धर्म आहे. ज्याला उद्या अनोळखी माणसांची गुपिते राखावयाची आहेत, त्याने आज घरातील सर्वांत लहान माणसाच्या गुपितापासून आरंभ करावा. मुलाचे नाव नको. आजाराचा तपशील लागेल तेवढाच.

चौथी गोष्ट: खंड पडला असेल तर तो सरळ सांगावा. ‘मुलाच्या जन्मानंतर मी दोन सत्रे अभ्यास थांबविला. तिसऱ्या सत्रात परत येऊन रसायनशास्त्र पूर्ण केले.’ दोन वाक्ये पुरेत. त्यात क्षमायाचना नको, आणि तक्रारही नको. सासरच्यांनी काय म्हटले, कोणी साथ दिली नाही, हे खरे असले तरी निबंध ही त्याची जागा नव्हे.

पाचवी गोष्ट पुरुषांसाठी. वाचकहो, येथपर्यंत आपण आईविषयीच बोललो. कारण प्रश्न तिलाच विचारला जातो. बाप अर्ज करतो तेव्हा ‘मुलाला कोण सांभाळणार?’ असे कोणी विचारीत नाही. पण बापही रात्री जागतो, डोस मोजतो, शाळेच्या फाटकाशी उभा राहतो. त्याने ते लिहिले, तर त्यात कमीपणा नाही. न लिहिले, तरी निदान आपल्या घरी हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवावा. मेरी शार्लीब किंवा आनंदीबाई यांच्या पाठीशी त्यांच्या घरचा पुरुष उभा होता. गोपाळरावांचा स्वभाव कठोर होता, हे खरे. तरी शिक्षणाचा हट्ट त्यांचाच होता, हेही तितकेच खरे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आजीचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे: बाळाला जेवू कोण घालणार? त्याचे उत्तर निबंधात द्यावयाचे नाही. पण ते घरात देऊन झाल्यावाचून निबंध पाठवूही नये. चार वर्षांचे शिक्षण, त्यानंतर निवासी डॉक्टर म्हणून आणखी तीन ते सात वर्षे. एवढ्या काळात मूल शाळेत जाऊन मोठे होणार. पैसा कोठून येणार, रात्रपाळीच्या दिवशी घरी कोण असणार, मूल आजारी पडल्यास रजा कोणी घ्यावयाची, या गोष्टी पति-पत्नींनी आणि शक्य असल्यास दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ठरवाव्यात, आणि कागदावर लिहून काढाव्यात. हा कागद कोणत्याही महाविद्यालयाकडे जाणार नाही. तरीही अर्जातील सर्व कागदांत तोच अधिक महत्त्वाचा आहे, कारण मुलाखतीत अडचणीचा प्रश्न आला असता अर्जदाराचा आवाज स्थिर राहतो, तो या कागदाच्या बळावर.

शेवटी पुन्हा एकदा वेस्ट मांबलममधील त्या कल्पनेतील घरी जाऊ. पहाट झाली आहे. आजीने दार उघडून सडा घातला आहे, आणि पहिल्या गाडीचा आवाज मांबलम स्थानकाकडून ऐकू येतो आहे. टेबलावर निबंधाचा कागद पडला आहे. ‘मी एका मुलाची आई आहे’ हे वाक्य त्यात आता नाही. त्याची गरज उरलेली नाही. चार ओळींत एक तापलेले मूल आणि एक मिनिट आहे. उरलेल्या पानभर त्या अनोळखी आईचा प्रश्न आहे, आणि घड्याळ नसलेल्या घरी श्वास मोजता यावा म्हणून काय करता येईल, याचा अर्जदाराने केलेला शोध आहे.

मच्छरदाणीत चाहूल लागते. मूल उठून बसते आणि आईला हाक मारते. ती उठणार इतक्यात आजी आत येते, नातवाला कडेवर घेते आणि म्हणते, ‘तू बस. तुझे संपू दे.’

आपल्यापैकी ज्यांच्या घरी एखादी लेक, सून वा पत्नी असा कागद पुढे घेऊन बसली असेल, त्यांनी तिला एवढेच म्हणावे. अर्ज तिचा तीच लिहील. तो लिहावयास लागणारा वेळ मात्र घराने द्यावयाचा असतो.